स्फोटासमोर भिंत कशी टिकते? जास्त ताकदीच्या फायबर काँक्रीटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात स्ट्रक्चरल डिझाइनचं काम करणाऱ्याला स्फोटाबद्दल कोण विचारणार, असं वाटेल. पण विचारतात. साखर कारखान्यातले आणि डिस्टिलरीतले इंजिनिअर विचारतात, जालन्याच्या स्टील कारखान्यांतले विचारतात, शेजारच्या विहिरीच्या ब्लास्टिंगने वैतागलेले शेतकरी विचारतात आणि प्रोजेक्टचा विषय शोधणारी पोरं तर हमखास विचारतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. फायबर काँक्रीट म्हणजे बारीक तारा किंवा धागे मिसळलेलं काँक्रीट. काही लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे.

स्फोट झाला की भिंतीवर नेमकं काय येतं?

हवेचा दाब. ठिणगी आणि धूर डोळ्यांना दिसतात, पण भिंत पाडतो तो दाब. स्फोटाच्या जागी हवा एकदम दाबली जाते आणि तो दाब आवाजापेक्षा जास्त वेगाने लाटेसारखा बाहेर पसरतो. लाट भिंतीवर येऊन आपटते तेव्हा तिथला दाब लाटेतल्या मूळ दाबाच्या किमान दुप्पट होतो. लाट जोरकस असेल तर आठपट किंवा त्याहूनही जास्त होतो. काही मिलिसेकंदांत तो ओसरतो आणि मग उलटा, म्हणजे बाहेर ओढणारा दाब येतो. स्फोटानंतर काचा कधीकधी रस्त्याच्या बाजूला पडलेल्या दिसतात, त्या यामुळे.

आकड्यांत सांगतो. सेकंदाला ३९ मीटर वेगाचं वादळ भिंतीवर साधारण ०.९ किलोपास्कल दाब टाकतं. राहत्या घराचा स्लॅब आपण चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे २ किलोपास्कल वापरभारासाठी धरतो. खिडकीची साधी काच १ ते ७ किलोपास्कलच्या दरम्यान फुटते. आता १० किलोपास्कल धरा. स्फोटाच्या हिशेबात हा काही फार मोठा आकडा नाही, तरी दहा बाय दहा फुटांच्या भिंतीवर तो साडेनऊ टनांचा आडवा धक्का होतो. साध्या विटांच्या भिंतीला आडवा भार घ्यायची सवयच नसते.

म्हणजे भूकंपासारखंच झालं ना? भूकंपाला टिकणारं घर स्फोटालाही टिकेल?

अर्धं टिकेल. हा प्रश्न मला फार आवडतो, कारण आपल्याकडे किल्लारी घडलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसं दगावली. त्यांतली बरीचशी माळवदाखाली आणि दगड-मातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली. उन्हाळ्यात गारवा देणारं ते मातीचं जड छत भूकंपात जिवावर उठलं. भूकंप जमीन हलवतो, आणि वर जितकं वजन जास्त तितका धक्का मोठा. त्यामुळे किल्लारीनंतर सगळ्यांनी एकच धडा घेतला : घर हलकं बांधा.

स्फोटात गणित उलटं चालतं. इथे वजन आपल्या बाजूचं असतं. दाब काही मिलिसेकंदच टिकतो, जड भिंत हलायला लागेपर्यंत तो ओसरलेला असतो. पत्र्याची शेड मात्र पहिल्या झटक्यातच निघून जाते.

मग सारखं काय? एकच गोष्ट : दोन्हीकडे इमारत वाकली पाहिजे, पण सुटता कामा नये. कॉलमच्या रिंगा (उभ्या सळयांभोवतीचे वेढे) जवळजवळ असणं, त्यांचे हूक १३५ अंशांत आत वळवलेले असणं, बीम-कॉलमच्या सांध्यात सळई पुरेशी रुतलेली असणं, हे आयएस १३९२० या भारतीय मानकातले नियम भूकंपासाठी लिहिले गेले, पण स्फोटातही तेच कामाला येतात. साइटवर रिंगेचा हूक ९० अंशांतच सोडून देणाऱ्या मिस्त्रीशी भांडायला हे दुसरं कारण झालं.

मग काँक्रीटची ताकद वाढवली की काम झालं? एम-२५ च्या ऐवजी एम-८० ओतलं तर?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे.

एम-२५ म्हणजे २८ दिवसांनंतर १५ सेंटिमीटरचा ठोकळा दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सोसतो. ही झाली दाबाची ताकद. ताण सोसायची ताकद साधारण तिच्या दहाव्या हिश्शाची. स्फोटात भिंत वाकते, आणि वाकली की तिच्या एका अंगाला ताण येतोच. एम-८० ची ताणाची ताकद एम-२५ पेक्षा जास्त असते हे खरं, पण दाबाची ताकद जितक्या पटीने वाढते तितक्या पटीने ती वाढत नाही. आणि जास्त ताकदीचं साधं काँक्रीट जास्त ठिसूळ असतं. लॅबमध्ये एम-२५ चा ठोकळा कुरकुरत, भेगा दाखवत फुटतो. जास्त ताकदीचा ठोकळा शेवटपर्यंत गप्प राहतो आणि मग असा फुटतो की मशीनची जाळी लावली नसेल तर तुकडे अंगावर येतात. स्फोटासमोरच्या भिंतीत असा स्वभाव नको असतो.

स्फोटात प्रश्न येतो तो ऊर्जेचा. लाटेने भिंतीला दिलेली ऊर्जा भिंतीने कुठेतरी जिरवली पाहिजे. न वाकता, न भेगाळता ती जिरत नाही. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने होते : भार फार झटक्यात आला की काँक्रीट आणि पोलाद दोन्ही नेहमीपेक्षा थोडी जास्त ताकद दाखवतात. डिझाइनमध्ये ही वाढ धरतात. पण तेवढ्यावर विसंबून राहता येत नाही.

फायबर घातल्याने काय बदलतं?

जुन्या घरांच्या मातीत भुसा घालून ती तुडवायचे, ते पाहिलं असेल तर निम्मं उत्तर तुम्हाला माहीत आहे. भुशामुळे माती कडक होत नाही. भेग पडली तरी ढेकूळ सुटून पडत नाही.

पोलादाचं फायबर काँक्रीटमध्ये तेच काम करतं, फक्त फार मोठ्या जोरावर. भेग उघडायला लागली की तिच्या आरपार गेलेल्या तारा दोन्ही काठ धरून ठेवतात. भेग रुंदावायची तर प्रत्येक तार काँक्रीटमधून घासत बाहेर यावी लागते, आणि या घासण्यात ऊर्जा खर्ची पडते. मोडलेल्या फायबर बीमची भेग जवळून बघा. दोन्ही काठांवर तारा उभ्या राहिलेल्या दिसतात. हूकवाली तार असेल तर तिचा मूळचा वाकडा हूक ओढला जाऊन जवळपास सरळ झालेला असतो. तो हूक सरळ करायला लागलेलं काम म्हणजेच भिंतीने गिळलेला स्फोटाचा हिस्सा.

यातली खुबी अशी की तार तुटलेली चालत नाही, ती निसटत निसटत बाहेर यायला हवी. जास्त ताकदीचं घट्ट काँक्रीट तारेला इतकं पक्कं धरतं की साधी तार निसटण्याऐवजी मधेच तुटते आणि फायदा हातचा जातो. म्हणून अशा काँक्रीटला तारही तशीच दमदार लागते : ०.२ मिलिमीटर जाड, १३ मिलिमीटर लांब, पितळेचा मुलामा दिलेली, दर चौरस मिलिमीटरला २००० न्यूटनच्या वर ताण सोसणारी. घनफळाच्या २ टक्के घातली तर घनमीटरमागे सुमारे १५७ किलो पोलाद झालं. एका लिटर काँक्रीटमध्ये अशा जवळजवळ ४९ हजार तारा येतात. भेग कुठूनही निघो, तिच्या वाटेत तार आडवी येणारच.

फरक किती पडतो? साध्या काँक्रीटमध्ये एक चौरस मीटर भेग पाडायला १०० ते १५० ज्यूल ऊर्जा लागते. अति उच्च ताकदीच्या फायबर काँक्रीटमध्ये २० हजार ते ४० हजार ज्यूल. दाबाची ताकद पाच-सहा पट वाढली, पण चिवटपणा दीडशे-दोनशे पट किंवा त्याहूनही वाढला. स्फोटाच्या बाबतीत मी तरी हा दुसराच आकडा आधी बघतो.

भिंत समोरून शाबूत असते आणि मागून खपल्या उडतात, असं का?

दाबाची लाट काँक्रीटमध्ये सेकंदाला साधारण ४००० मीटर वेगाने शिरते. २०० मिलिमीटरची भिंत ती सेकंदाच्या वीस हजाराव्या भागात ओलांडते. मागच्या पृष्ठभागावर पुढे फक्त हवा असते, तेव्हा लाट तिथून परत फिरते. परतताना तिचं रूप बदलतं, दाबाची लाट ताणाची होते. आणि ताण म्हणजे काँक्रीटचं दुखणं. मागचा थर सुटतो आणि आतल्या माणसांवर उडतो. भिंत पडलेली नसते, तरीही आतला माणूस जखमी होतो.

फायबरचा सगळ्यात स्वच्छ फायदा इथे दिसतो. सळई बाहेरून ४०-५० मिलिमीटर आत असते. त्या कव्हरच्या काँक्रीटला धरून ठेवणारं साध्या भिंतीत काहीच नसतं. फायबर मात्र थेट पृष्ठभागापर्यंत पसरलेलं असतं. खपली सैल होते, लोंबते, पण सहसा उडत नाही.

आमचा मिस्त्री सिमेंटच्या गोणीमागे १२५ ग्रॅमची फायबरची पुडी टाकतो. मग आमचं घर झालं का स्फोटरोधक?

नाही हो. ती पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिस्टरची पुडी ओलं काँक्रीट सुकताना पडणाऱ्या बारीक भेगांसाठी असते. गिलाव्याला आणि ट्रिमिक्सच्या (जादा पाणी ओढून काढलेल्या) कोब्याला चांगली. पडद्याआड काही जादू करत असेल असं समजू नका.

अति उच्च ताकदीचं फायबर काँक्रीट म्हणजे त्यात असतं काय?

खडी नसते. पहिला धक्का इथेच बसतो. १५० मेगापास्कलच्या (म्हणजे दर चौरस मिलिमीटरला १५० न्यूटनच्या) वर ताकद हवी तर खडी आणि सिमेंटच्या मधली कमजोर जागाच काढून टाकावी लागते. म्हणून बारीक वाळू, क्वार्ट्झची पूड, सिलिका फ्यूम (सिमेंटहूनही बारीक पूड) आणि घनमीटरला ७०० किलो किंवा त्याहून जास्त सिमेंट. आपल्या एम-२५ मध्ये साधारण साडेतीनशे किलोच्या आसपास असतं. पाणी अगदी कमी, सिमेंट आणि बारीक पूड यांच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. बाकीचं काम सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे कमी पाण्यातही माल वाहता ठेवणारं रसायन करतं. जोडीला पोलादी फायबर. कारखान्यात ओतलेल्या भागांना बरेचदा ९० अंश सेल्सिअसला दोन दिवस वाफ देतात.

हे तंत्र १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये आकाराला आलं. कॅनडातल्या शेरब्रुकचा १९९७ चा पादचारी पूल त्याचं पहिलं ठळक उदाहरण.

मराठवाड्यातल्या साइटवर हे ओतायचं म्हटलं तर त्रास सिमेंटचा नाही, उन्हाचा होतो. पाणी इतकं कमी असतं की मे महिन्याच्या ४२ अंशांत ओतल्या ओतल्या वर कातडी धरते, आणि खाली माल अजून वाहता असतो. मग पहाटे ओतायचं, पाण्यात बर्फ टाकायचा, पृष्ठभाग लगेच प्लास्टिकने झाकायचा. फायबर एकदम ओतलं तर गोळे होतात, ते चाळणीतून हळूहळू सोडावं लागतं. सुईचा व्हायब्रेटर घालू नका. सुई जाते तिथे फायबर बाजूला सरतं आणि मधे फायबर नसलेली रेघ उरते.

एक गोष्ट ठेकेदाराला बजावून सांगा. काल अर्धी भिंत ओतली, आज उरलेली ओतली, तर मधल्या सांध्यातून एकही फायबर जात नाही. भिंत मग तिथूनच फाटणार. एकतर एका दमात ओता, नाहीतर सांधा अशा जागी न्या जिथे वाकण्याचा ताण कमी आहे, आणि तिथे सळई वाढवा.

फायबर घातलं की सळई कमी करता येते का?

औद्योगिक फरशीत आणि बोगद्याच्या अस्तरात काही अंशी करतात. स्फोटासाठीच्या भिंतीत करू नका. १३ मिलिमीटरची तार रुंद भेगेतून निसटून गेली की तिचं काम संपलं. त्यानंतर भिंतीला आधार देणारी सळईच असते. फायबर पहिल्या भेगेपासून कामाला लागतं आणि सळई शेवटपर्यंत पुरते. दारूगोळ्याच्या साठवणगृहांत याच्याही पुढे जाऊन दोन्ही तोंडांच्या सळयांना नागमोडी वाकवलेल्या बारने शिवून घेतात. चेन्नईच्या सीएसआयआर-एसईआरसी या संस्थेने अशा ‘लेस्ड’ काँक्रीटवर बरंच काम केलं आहे.

जुन्या किल्ल्यांच्या भिंती तोफा सोसत होत्या. त्यांच्यात काय होतं?

परांडा, नळदुर्ग, औसा, उदगीर हे सगळे भुईकोट. उंच डोंगराचा आधार नाही, म्हणून जाडी आणि खंदक. अशा तटांत बाहेर-आत घडीव दगड आणि मधे माती-दगड-चुन्याची भर, ही रचना वारंवार भेटते. भर दबते, सरकते आणि धक्का जिरवते. आजही स्फोटकांच्या गोदामाभोवती मातीचा बांध घालतात, तो याच कारणाने. जागा भरपूर असेल तर मातीइतकं स्वस्त काहीच नाही. फायबर काँक्रीटची खरी गरज पडते ती तीन-चार मीटर जाडी परवडत नाही तिथे.

साध्या काँक्रीटची इमारत मोठ्या स्फोटाला कधी टिकली आहे का?

लेबनॉनमधल्या बैरूतचं धान्याचं सायलो, म्हणजे उंच गोल कोठारांच्या रांगा. ४ ऑगस्ट २०२० ला बंदरात साठवलेल्या सुमारे २७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला, आणि सायलो त्याला अगदी खेटून होतं. समोरची रांग उद्ध्वस्त झाली. मागची उभी राहिली आणि तिच्या आडोशाने शहराच्या पश्चिमेकडच्या भागाला बसणारा फटका कमी झाला. फायबर नव्हतं, आजच्या अर्थाने उच्च ताकदही नव्हती. जाड गोल भिंती, रांगेत एकमेकींना टेकलेल्या, आणि काहींत धान्य. वजनाबद्दल वर सांगितलं ते इथे मोठ्या प्रमाणावर दिसलं. पुढे २०२२ मध्ये आग धुमसत राहून उरलेले काही भागही कोसळले.

साखर कारखान्यात स्फोटाची भीती कशाची? साखर काय जळते?

जळते, आणि हवेत उधळलेली बारीक साखर तर स्फोटच करते. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ इथे इंपिरियल शुगरच्या रिफायनरीत ७ फेब्रुवारी २००८ ला साखरेच्या धुळीचा स्फोट झाला. १४ जण गेले. पहिला स्फोट सायलोखालच्या बंद केलेल्या कन्व्हेयरमध्ये झाला. त्याच्या धक्क्याने तुळयांवर, पाइपांवर, फरशीवर साचलेली धूळ उडाली आणि तिचे एकामागून एक स्फोट होत गेले. काँक्रीटच्या फरश्या वर उचलल्या गेल्या.

आपल्याकडे लातूर, धाराशिव, बीड, जालना, परभणी, नांदेड, सगळीकडे कारखाने आहेत, बऱ्याच ठिकाणी डिस्टिलरी आणि इथेनॉलच्या टाक्याही आहेत. तिथून विचारणा येते तेव्हा मी फायबर काँक्रीटवर सगळ्यात शेवटी बोलतो. आधी झाडू. तुळईवर बोटाने नाव काढता येत असेल तर भिंतीवर पैसे घालू नका, सफाईवर घाला. आणि धूळ हवेच्या पाइपने उडवून काढू नका, व्हॅक्यूमने ओढा. मग व्हेंट. बंद खोलीत वायू किंवा धूळ पेटली तर दाब वातावरणाच्या सात-आठ पट चढू शकतो. तेवढा दाब अडवणारी खोली बांधण्यापेक्षा तिची एक बाजू मुद्दाम कमजोर ठेवायची, म्हणजे दाब मोकळ्या बाजूने निघून जाईल. ती बाजू अर्थातच माणसं ये-जा करतात तिकडे नको. उडणारं पॅनेल साखळीने बांधा.

एवढं झालं की मग भिंत. ज्या बाजूला कंट्रोल रूम आहे, जिथे पाळीला माणसं बसतात, तिथे जड, फायबरयुक्त काँक्रीटची भिंत सार्थकी लागते. जालन्याच्या भट्ट्यांनाही हेच लागू होतं. भंगारातला बंद डबा किंवा ओल वितळलेल्या धातूत गेली तर पाण्याची वाफ होताना त्याचं आकारमान सतराशे पटींच्या आसपास वाढतं. भट्टीसमोरच्या केबिनची भिंत खपल्या टाकणारी नको.

शेजाऱ्याच्या विहिरीच्या ब्लास्टिंगमुळे घराला तडे गेले. फायबर काँक्रीटने घर वाचलं असतं का?

आधी तडे ब्लास्टिंगचेच आहेत का ते पाहा. आपल्या भागात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तडा मे महिन्यात रुंदावत असेल आणि पाऊस पडून गेल्यावर मिटत असेल, तर दोष बहुतेक पायाचा आहे, शेजाऱ्याचा नाही. तड्यावर चुन्याचा किंवा प्लास्टरचा पातळ पट्टा लावून त्यावर तारीख लिहा. पट्टा कधी तडकतो ते बघा. वर्षभरात उत्तर मिळतं आणि भावकीतलं भांडणही टळतं.

ब्लास्टिंग असेल तर ते हवेतून कमी आणि जमिनीतून जास्त येतं. काळा दगड कंपन लांबवर नेतो. खाणींसाठी डीजीएमएसने (केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाने) घालून दिलेली मर्यादा अशी : साध्या घराखाली जमिनीच्या कंपनाचा वेग, कंपनसंख्या ८ हर्ट्झच्या खाली असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, ८ ते २५ हर्ट्झला १०, आणि त्यावर १५. हे मोजायचं यंत्र भाड्याने मिळतं. भिंत फायबरची करण्यापेक्षा परवानाधारक माणसाकडून, स्फोटकांची थोडी थोडी भर टप्प्याटप्प्याने उडवून घेणं कितीतरी स्वस्त पडतं. जमिनीखालच्या स्फोटांसाठी आयएस ६९२२ हे वेगळं मानक आहे.

गॅस सिलिंडरचा स्फोट झाला तर काय?

एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. हवेत साधारण २ ते ९.५ टक्के झाला की ठिणगीने पेटू शकतो. वास आला तर स्विचला हात न लावता दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर पडा.

बांधकामाच्या अंगाने बघितलं तर लंडनच्या रोनन पॉइंटची गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असते. १६ मे १९६८ ला २२ मजली इमारतीच्या अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. स्फोट फार मोठा नव्हता, ज्या बाईच्या घरात झाला ती वाचली. पण कोपऱ्यातली, कारखान्यात ओतून आणलेली आयती भिंत निखळली, तिच्यावरचे मजले खाली आले आणि त्यांच्या वजनाने खालचेही गेले. चौघे मेले. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत १९ एप्रिल १९९५ ला सरकारी इमारतीसमोरच्या ट्रक-बॉम्बने १६८ जण गेले, तिथेही बहुतेकांचा जीव इमारत कोसळल्याने गेला. खालचे काही कॉलम गेले आणि त्यांच्यावर भिस्त असलेली मोठी तुळई गेली.

म्हणजे एक कॉलम गेला तरी वरचा भार शेजाऱ्यांकडे वळला पाहिजे. तळमजल्याच्या कॉलमना फायबर काँक्रीटचं जॅकेट, म्हणजे बाहेरून जादा थर देणं हा त्यातला एक भाग झाला. तुळयांमधून सलग सळई नेणं हा दुसरा, आणि तो जवळजवळ फुकट आहे.

जास्त ताकदीचं काँक्रीट आगीत स्वतःच फुटतं म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. घट्ट काँक्रीटमध्ये अडकलेल्या ओलीची वाफ होते, तिला वाट मिळत नाही आणि पृष्ठभागाचे तुकडे उडतात. १८ नोव्हेंबर १९९६ ला इंग्लंड-फ्रान्स जोडणाऱ्या समुद्राखालच्या चॅनेल टनेलच्या आगीत अस्तराची काही ठिकाणी बरीच जाडी अशी उडून गेली. उपाय स्वस्त आहे : घनमीटरला किलो-दोन किलो पॉलिप्रॉपिलीनचं बारीक फायबर. ते १६०-१७० अंशांना वितळतं आणि वाफेला बारीक वाटा करून देतं. मिस्त्रीच्या पुडीची थट्टा केली खरी, पण इथे तिची भावंडं उपयोगी पडतात. स्फोटामागोमाग बरेचदा आग असते, म्हणून दोन्ही फायबर घाला.

कॉलेजच्या लॅबमध्ये काय तपासता येईल?

नुसते ठोकळे फोडू नका. दाबाच्या चाचणीत फायबरचा गुण फारसा दिसत नाही. बीम घ्या, मधे खालून खाच पाडा, हळूहळू वाकवा आणि भेग किती उघडली त्यासमोर भार किती उरला याचा आलेख काढा. साधा बीम भेग पडताच दोन तुकडे होतो. फायबरवाला भेग पडल्यावरही भार धरून राहतो, चांगला जमला असेल तर थोडा वाढवतोही. जमिनीवर पडलेलं फायबर लोहचुंबक फिरवून गोळा करा, हातमोजे घाला, ही तार बोटात शिरली की सहज दिसत नाही. स्फोटकांच्या नादाला लागू नका. उंचीवरून वजन टाकायची चाचणी प्रोजेक्टला पुरेशी आहे.

आपल्याकडे बसाल्ट एवढा, मग बसाल्ट फायबर इथेच का बनत नाही?

आपला काळा दगड बसाल्टच आहे, पण फायबर ओढायला तो १४०० अंशांच्या वर वितळवावा लागतो आणि रासायनिक रचना एकसारखी लागते. विजेचं बिल बघूनच पुढचं बोला.

जुनी इमारत पाडता येत नाही, मग काय करावं?

पहिला खर्च काचांवर. लॅमिनेटेड (मधे प्लास्टिकचा थर असलेली) काच बसवा, निदान फिल्म लावा. मग विटांच्या भिंतींना आतून पॉलियुरियाचा (रबरासारखा थर धरणारा) फवारा किंवा जाळी-गिलावा, म्हणजे विटा आत उडणार नाहीत. कॉलमना जॅकेट. आणि शक्य तिथे अंतर वाढवा. अंतर दुप्पट केलं तर तेवढाच दाब यायला आठपट स्फोटक लागतं. इमारतीपासून पार्किंग लांब नेणं याच्याइतका परतावा दुसऱ्या कशातही मिळत नाही.

परवानगी आणि मानकं कोणती?

जमिनीवरच्या स्फोटांसाठी आयएस ४९९१ (१९६८). ते जुनं आहे, म्हणून बहुतेक डिझाइनर अमेरिकी संरक्षण खात्याचं यूएफसी ३-३४०-०२ हे मानक सोबत वापरतात. स्फोटकांचा साठा असेल तर एक्स्प्लोझिव्हज रूल्स २००८ आणि पेसो, म्हणजे स्फोटकांचे परवाने देणारी केंद्रीय संस्था. मुख्यालय नागपूरला.

भिंत पक्की केली. आता दार?

हे बरेचजण विसरतात. खोलीची सगळी भिस्त मग दारावर येते. दार बाहेर उघडणारं असावं, म्हणजे दाब त्याला चौकटीवर दाबेल, आत ढकलणार नाही. पण उलट्या दाबाने ते बाहेर खेचलंही जातं, तेव्हा बिजागऱ्या आणि कड्या तो झटका घेणाऱ्या हव्यात. चौकटीचे अँकर काँक्रीट ओतायच्या आधीच सळईला बांधा. वायरी आणि पाइपांचे स्लीव्हही तेव्हाच टाका. हे काँक्रीट घट्ट झालं की त्यात साध्या ड्रिलने भोक पडत नाही, डायमंड कोअर कटर मागवावा लागतो, आणि कापताना नेमकी सळई लागतेच.